'दलालाला फोन लाव की!' : स्पर्धा आयोगाला बेळगावातून एक खुलं पत्र

माननीय अध्यक्ष आणि सदस्य,
भारतीय स्पर्धा आयोग, नवी दिल्ली यांस,

सविनय नमस्कार.

पत्रास कारण की, गेल्या जूनमध्ये माझं ॲप नऊ दिवस दुकानातून काढून टाकलं होतं. दहाव्या दिवशी ते परत दिसायला लागलं. का काढलं आणि का परत ठेवलं, यातलं काहीच मला अजून कळलेलं नाही. दुकान म्हणजे आपल्या सगळ्यांच्या फोनमध्ये असतं ते ॲपचं दुकान. माझ्या दुकानाचं नाव मी मुद्दाम घेत नाही. एकाचं नाव घेतलं की दुसरा सुटतो, आणि आपल्यापुढे प्रश्न ॲपल आणि गूगल या दोघांचाही आहे.

मी वडगावची. म्हणजे बेळगावच्या वडगावची, पुण्याच्या नव्हे. हे पुण्यात नोकरी केली तेव्हापासून सांगायची सवय लागली आहे. माहेर कडोली. सासूबाईंच्या आजारपणात पुण्याची नोकरी सोडून आले ती इथेच राहिले. खाली गल्लीत यंत्रमागांचा खडखडाट, वर माडीवर मी आणि माझा लॅपटॉप. कंपनी नाही, कामगार नाहीत, भागीदार नाही.

माझं ॲप मराठी माणसाला मराठीतून कन्नड शिकवतं. ते सुचलं माझ्या धाकट्या जावेमुळे. ती चंदगडची. लग्न होऊन आली आणि पहिल्या आठवड्यात अनगोळला जायचं ते भलत्याच बसमध्ये बसून दुसऱ्या टोकाला पोचली, कारण पाटीवरचं अक्षरही कन्नड आणि आकडाही कन्नड. तहसील कचेरीतला अर्ज तर तिला माझ्याकडूनच भरून घ्यावा लागला. 'विळास' या रकान्यापुढे ती पेन धरून बसली होती. म्हणाली, "ताई, हे विलास कोण?" विळास म्हणजे पत्ता. कन्नडमध्ये 'साल' म्हणजे वर्ष नव्हे, कर्ज. 'अंगडी' म्हणजे अंगात घालायचं काही नाही, दुकान. असे दोन-अडीच हजार शब्द, कचेरीतले अर्ज, बसच्या पाट्या, दवाखान्यातली बोलणी, सगळं आवाजासकट मी ॲपमध्ये घातलं. निपाणी-खानापूरच्या पोरांना नोकरीच्या परीक्षांसाठी उपयोगी पडायला लागलं, घाटावरून आलेल्या सुनांना संसारासाठी. किंमत एकदाच १४९ रुपये. दोन वर्षांत ११०० प्रती गेल्या.

म्हणजे एकूण १,६३,९०० रुपये. त्यातले १५ टक्के दुकानाचे: २४,५८५. कराचा हिशोब वेगळा, तो सरकारचा, त्याबद्दल इथे बोलत नाही.

१५ टक्के हा आम्हा लहानांचा सवलतीचा दर आहे, हे मला माहीत आहे. ॲपलचं दुकान २००८ साली उघडलं तेव्हापासून ३० टक्के हाच रिवाज पडला. मग ॲपलने २०२१ च्या जानेवारीपासून आणि गूगलने त्याच वर्षी जुलैपासून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंतच्या कमाईवर तो निम्मा केला. दहा लाख डॉलर! मी सात जन्म कोड लिहिला तरी ३० टक्क्यांच्या घरात जाणार नाही. तेव्हा सवलत मिळाली त्याचे आभार. शिवाय दुकान काहीतरी देतं, हेही खरं. ॲप साठवून ठेवतं, नवी आवृत्ती घरोघर पोचवतं, लोकांना भरवसा वाटतो. हे फुकट द्या असं मी म्हणत नाही.

तरीही हा आकडा खुपतो, त्याला कारण माझे वडील.

आप्पा कडोलीत कोबी आणि बटाटा करतात. माल बेळगावच्या बाजारात येतो, तिथून बराचसा चोर्ला घाटाने गोव्याला उतरतो. लहानपणापासून मी त्यांच्या सदऱ्याच्या खिशातल्या पट्ट्या बघत आले. पट्टी म्हणजे दलालाने दिलेला हिशोबाचा कागद: इतक्या पिशव्या, हा भाव, इतकी हमाली, इतकी तोलाई, इतकी अडत म्हणजे दलाली, हाती इतके. मागच्या दिवाळीत मी दुकानाकडून आलेला महिन्याचा हिशोब छापून त्यांच्यापुढे ठेवला. गंमत म्हणून. त्यांनी चष्मा लावला, कागद पट्टीसारखाच उभा धरला आणि बोट वरून खाली नेत गेले.

"भाव कुणी पाडला?"

"मीच ठरवते, आप्पा."

"माल कुणाचा?"

"माझा."

"गिऱ्हाईक?"

"माझंच. बहुतेक जण एकमेकांकडून ऐकून येतात."

"मग हे पंधरा टक्के कापतंय कोण? दलालाला फोन लाव की! कमी करतो का विचार."

मी म्हटलं, फोन नंबर नाही. नाव? नाव नाही. गाळा? तोही नाही. आप्पांनी चष्मा काढला. "आमचा दलाल चोर आहे, पण सकाळी सहाला गाळ्यावर बसलेला असतोय. शिवी घालायला माणूस तरी हाय."

मी एवढी शिकले, पण माझी तक्रार याच्यापेक्षा नेमकी मला मांडता येणार नाही. बाजार समितीच्या कायद्यातही खोटी वजनं आणि चोरट्या अडती चालतातच, कुणाला भाबडं ठरवायला नको. पण तिथे निदान अडत कुणी द्यायची यावर सरकारं भांडली. महाराष्ट्राने २०१६ साली भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याच्या पट्टीतून काढून खरेदीदारावर टाकली. आमच्या बाजारात असं भांडण करायची जागा एकच, ती म्हणजे आपला आयोग. म्हणून हे पत्र.

आता जूनमधली गोष्ट. ॲपच्या माहितीत मी एक ओळ टाकली होती: 'पैसे भरायला अडचण आल्यास या क्रमांकावर कळवा.' गावाकडच्या कितीतरी जणांकडे कार्ड नसतं, कुणाचा व्यवहार अर्ध्यात अडकतो, मग ते काय करायचं विचारतात. दुकानाला बहुधा वाटलं असावं की मी गिऱ्हाइकाला बाहेरून पैसे द्यायला सांगते आहे. 'बहुधा' म्हणते, कारण आलेल्या ईमेलमध्ये ती ओळ कुठे दाखवलेली नव्हती. 'पैसे स्वीकारण्याच्या धोरणाचा भंग' एवढंच होतं, आणि धोरणाच्या लांबलचक पानाचा दुवा. मी ओळ काढली, अपील केलं. उत्तर चार मिनिटांत आलं. चार मिनिटांत माणूस अपील वाचून उत्तर लिहीत नाही. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच उत्तर, स्वल्पविरामासकट तेच. नऊ दिवसांनी ॲप परत आलं. ओळ काढली म्हणून आलं, की ओळीशी काही संबंधच नव्हता, देव जाणे. त्या नऊ दिवसांत ज्यांनी विकत घेतलेलं होतं ते फोन करून विचारत होते, "ताई, बंद केलं काय तुम्ही?" एका पोराची चार दिवसांवर परीक्षा होती, त्याने फोन बदलला होता आणि नव्या फोनवर ॲप उतरेना. त्याला मी धड्यांचे आवाज एकेक करून व्हॉट्सॲपवर पाठवत बसले.

ईमेल इंग्रजीत होतं, हे सांगायला नकोच. आमच्या भागात कुठला कागद कुठल्या भाषेत यावा यावरून १९५६ पासून रान पेटलेलं आहे. पाट्या, दाखले, ठराव, सगळ्यावर. पण ज्या कागदाने माझं पोट बंद होतं तो ना मराठीत येतो, ना कन्नडमध्ये, आणि त्यावर मात्र दोन्हीकडचं कुणी मोर्चा काढत नाही.

महोदय, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. २५ ऑक्टोबर २०२२ ला आपणच गूगलला ९३६ कोटी ४४ लाखांचा दंड केलात. आपल्याच पैसे स्वीकारण्याच्या व्यवस्थेची सक्ती करणं हा वर्चस्वाचा गैरवापर आहे, असं म्हणालात. ॲप बनवणाऱ्याला आपल्या गिऱ्हाइकाशी पैशांबद्दल, सवलतींबद्दल बोलू द्या, हेही त्याच आदेशात होतं. अपिलात २०२५ च्या मार्चमध्ये दंड २१६ कोटी ६९ लाखांवर आला. ॲपलच्या चौकशीचा आदेश तर आपण ३१ डिसेंबर २०२१ ला दिला होता. आकडे मोठे आहेत, बातम्या मोठ्या झाल्या. त्यातला एक रुपया ॲप बनवणाऱ्याकडे येत नाही, आणि येऊ नये हेही समजतं, दंड सरकारजमा व्हायचा. पण दंडासोबतचा जो हुकूम होता तो तरी आमच्यापर्यंत पोचायला हवा होता. माझा अनुभव त्या आदेशानंतरचा आहे. आदेश एका कंपनीला होता असं म्हणाल, तर मग तत्त्व एकाच कंपनीपुरतं होतं का?

पर्याय दिला, असं सांगितलं जातं. गूगलने भारतात दुसऱ्या मार्गाने पैसे घेण्याची मुभा दिली, आणि तसं केल्यास शुल्क चार टक्क्यांनी कमी होतं. म्हणजे माझ्यासारखीला १५ चे ११. पण दुसरा मार्ग म्हणजे पेमेंट गेटवे, ऑनलाइन पैसे गोळा करून देणारी मधली कंपनी, तो दोन टक्क्यांच्या आसपास घेतो. राहिले दोन टक्के. १४९ रुपयांवर दोन टक्के म्हणजे तीन रुपये. तीन रुपयांसाठी मी गेटवेशी करार करायचा, वेगळा कोड लिहायचा, परतावे सांभाळायचे आणि किती विकलं याचा हिशोब दुकानाला कळवायचा. याला पर्याय म्हणत असतील तर भर बाजारातल्या गणपत गल्लीत गाडी लावायलाही भरपूर जागा आहे.

आणि हे अशा देशात, जिथे २०२० च्या जानेवारीपासून यूपीआयवर व्यापाऱ्याला शुल्कच नाही. खडेबाजारात लिंबू विकणारी मावशी दहा रुपये स्कॅन करून घेते ते दहाचे दहा तिच्या खात्यात पडतात. मी १४९ चा धडा विकला की १२६ रुपये ६५ पैसे.

बरं, शुल्क कशावर आणि कशावर नाही, हेही बघण्यासारखं आहे. फोनवरून जेवण मागवलं, रिक्षा बोलावली, साडी घेतली, तर ॲपचं दुकान त्यावर छदाम घेत नाही. वस्तूला माफी, फक्त डिजिटल मालाला शुल्क. म्हणजे ॲपवरून बेळगावी कुंदा मागवला तर दुकानाचा वाटा शून्य. आणि कुंदा कसा आटवायचा हे शिकवणारा धडा विकला तर १५ टक्के. कुंद्यापेक्षा धड्याचं ओझं त्यांच्या यंत्रांवर जास्त पडतं असं काही नाही. धड्याला दुसरा रस्ता नाही म्हणून त्याच्यावर नाका बसवला, दुसरं काय?

दुकानात पाय ठेवायलाच काय काय लागतं तेही सांगते. ॲपलकडे वर्षाला ९९ डॉलर भरायचे, म्हणजे आठ हजारांच्या वर. त्यात माझ्या ॲपच्या सत्तरएक प्रती गेल्या. शिवाय त्यांचाच संगणक हवा. गूगलकडे एकदाच २५ डॉलर, ते परवडतं. पण हल्ली नव्या वैयक्तिक खात्याला आधी परीक्षा द्यावी लागते. मी सुरू केलं तेव्हा नियम असा होता की वीस माणसांनी सलग चौदा दिवस ॲप वापरून बघायचं, मगच ते लोकांसाठी खुलं होणार. कंपनीत बसलेल्याला वीस माणसं म्हणजे एक मजला. मला? दोन जावा, भाऊ, भावाचे मित्र, दूधवाला, शाळेतल्या दोन बाई, कडोलीतली चुलत भावंडं. अकराव्या दिवशी आत्याच्या नातवाने तिच्या फोनमधली 'नको असलेली' ॲपं उडवली, त्यात माझं गेलं, आणि आकडा एकोणिसावर आला. आत्या अजून विचारते, "माझ्यामुळं तुझं राहिलं काय गं?" परत पहिल्यापासून मोजणी. फसव्या ॲपना आळा बसावा म्हणून असं केलं असेल, मान्य. पण फसवणाऱ्याला वीस खोटी खाती एका दुपारी मिळतात, माझी वीस खरी माणसं गोळा करायला महिना गेला.

नेमक्या त्याच दिवसांतली, मार्च २०२४ ची गोष्ट आपल्या लक्षात असेल. शुल्काच्या वादावरून गूगलने भारत मॅट्रिमनी, शादी, नोकरी, ९९ एकर्स अशी बडी ॲपं दुकानातून काढली. केंद्रीय मंत्री बोलले, बैठका झाल्या, आठवड्याच्या आत ॲपं परत. चांगलंच झालं. पण माझ्या नऊ दिवसांसाठी कोण मंत्री बोलणार? मी खासदारांच्या कचेरीत फोन केला असता तर 'ॲप म्हणजे कुठलं, मतदार यादीचं काय?' असं विचारलं असतं.

आणखी एक, जरा घरगुती तक्रार. पैसे घेऊन ॲप विकणाऱ्या एकट्या माणसाचा पूर्ण पत्ता दुकान सगळ्या जगाला दाखवतं. गिऱ्हाइकाला विकणारा कोण ते कळावं, हेतू बरोबर. कंपनीचा पत्ता म्हणजे कचेरी. माझा पत्ता म्हणजे माझं घर. मागच्या पावसाळ्यात रात्री साडेनऊला दार वाजलं. कंग्राळीहून एक गृहस्थ आले होते, नव्या फोनवर ॲप चालेना म्हणून. भला माणूस, चहा पिऊन, धडा उघडून दिल्यावर पाच वेळा माफी मागून गेला. पण त्या रात्री सासूबाईंचा जो चेहरा झाला होता तो मी विसरलेले नाही. पुढचा माणूस भलाच असेल याची हमी कोण देणार? विळास शिकवणारीचाच विळास चव्हाट्यावर.

जाहिरातीबद्दल फार लिहीत नाही. कुणी माझ्या ॲपचं नाव शोधलं तरी वर दुसऱ्याची जाहिरात येऊ शकते, आणि ती नको असेल तर मीच माझ्या नावासाठी पैसे मोजायचे. अडत देऊन वर गाळ्यावर पाटी लावायचं भाडं. आप्पांना हे अजून सांगितलेलं नाही.

आता मागण्या. वकिली भाषा मला येत नाही, सरळ लिहिते.

ॲपमध्येच 'थेट यूपीआयने द्या' असं लिहायची मुभा प्रत्येक ॲप बनवणाऱ्याला मिळावी, आणि तसे आलेल्या पैशांवर दुकानाने शुल्क लावू नये, निदान लहानांवर तरी नाही. लहान कोण, हे डॉलरमध्ये ठरवू नका. वर्षाला २० लाख रुपयांपर्यंत सेवा देणाऱ्याला जीएसटीची नोंदणीसुद्धा सक्तीची नसते. तीच रेघ इथे ओढता येईल. त्या रेघेखालच्यांनी दुकानाच्या व्यवस्थेतून पैसे घेतले तरी शुल्क पेमेंट गेटवेच्या आसपासच असावं.

ॲप काढण्याआधी सात दिवसांची लेखी सूचना द्यावी, आणि नेमकी कुठली ओळ, कुठलं चित्र, कुठला नियम ते त्यात लिहावं. खरोखरच धोकादायक ॲप असेल, कुणाचे पैसे-माहिती चोरत असेल, तर लगेच काढा, त्याला माझी हरकत नाही. बाकीच्यांना सूचना द्या. अपील माणसाने वाचावं आणि उत्तराखाली त्याचं नाव असावं. सूचना ॲप बनवणाऱ्याने निवडलेल्या भाषेत यावी. गूगलचं दुकान स्वतःची पानं मराठीत आणि कन्नडमध्ये दाखवतंच की. विकताना भाषा येते, तर काढताना का येऊ नये?

घरून काम करणाऱ्यांचा पत्ता दुकानाने स्वतःजवळ ठेवावा, पोलिसांनी किंवा ग्राहक तक्रार आयोगाने मागितला तर द्यावा. लोकांना दाखवायला ईमेल पुरे.

२०२२ च्या आदेशातलं काय पाळलं गेलं, काय नाही, हे आयोगाने दरवर्षी साध्या भाषेत प्रसिद्ध करावं. मार्च २०२४ मध्ये आपण शुल्काच्या दरांची जी चौकशी लावलीत, तिच्यात मोठ्या कंपन्यांच्या वकिलांबरोबर आमच्यासारख्या चार जणांचंही ऐकावं. दिल्लीला येणं परवडत नाही, पण व्हिडिओवर येऊ. हुबळी-धारवाडची पोरं आहेत, कोल्हापूर-सांगलीची आहेत. कन्नड बोलणारी, मराठी बोलणारी, दोन्ही. सीमेवर बाकी कशावर एकमत होत नसलं तरी या १५ टक्क्यांवर आमचं झालेलं आहे.

माझ्या ॲपच्या जूनमधल्या प्रकरणाची सगळी ईमेलं, अपिलं, आलेली उत्तरं मी तारखेनुसार लावून ठेवली आहेत. मागितलीत तर त्याच दिवशी पाठवीन.

उत्तर कुठे पाठवायचं, असा प्रश्न पडेल. पत्ता मुद्दाम खाली लिहीत नाही. दुकानात माझ्या ॲपच्या पानावर तो आहेच, घर क्रमांकासकट.

आपली नम्र,
वरच्या माडीवरून ॲप बनवणारी एक
वडगाव, बेळगाव